विश्लेषण : वर्गातल्या पडद्यावर नेमके काय दाखवावे? तक्ता, व्हिडिओ की खरी वस्तू?

शाळेत नवे इंटरॅक्टिव्ह पॅनल बसते, नारळ फुटतो, फोटो निघतो. त्यानंतर कोणत्या धड्याला त्यावर काय दाखवायचे, हे मात्र बहुतेक ठिकाणी कोणी ठरवलेले नसते. फिल्मपट्टीपासून स्मार्ट बोर्डापर्यंत साधने बदलत गेली. निवडीचा प्रश्न तोच राहिला. ती निवड कशी होते, कुठे फसते आणि शिक्षकाच्या हातात काय उरते, याचा हा आढावा.

हा प्रश्न आताच का?

शाळांत पडदे वेगाने वाढत आहेत. यूडायस प्लसच्या २०२३-२४ च्या अहवालानुसार देशातील ५७.२ टक्के शाळांत चालू स्थितीतले संगणक आणि ५३.९ टक्के शाळांत इंटरनेट आहे. ग्रामपंचायतीचा निधी, आमदार निधी, कंपन्यांचा सीएसआर, माजी विद्यार्थ्यांची वर्गणी अशा अनेक वाटांनी प्रोजेक्टर, स्मार्ट टीव्ही आणि पॅनल वर्गापर्यंत येतात. बऱ्याचदा यंत्राबरोबर पहिली ते दहावीचा ‘सगळा अभ्यासक्रम’ पेनड्राइव्हमध्ये भरूनच मिळतो. म्हणजे कोणत्या धड्याला काय दाखवायचे, याची निवड वर्ग न पाहिलेल्या माणसाने आधीच केलेली असते.

शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) परिशिष्टात प्रत्येक वर्गाला ‘आवश्यकतेनुसार’ अध्ययन-अध्यापन साहित्य द्यावे, असे म्हटले आहे. ही आवश्यकता कोण ठरवणार, यावर सगळे अवलंबून आहे. युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण आढावा अहवालात पेरू देशाचे उदाहरण आहे. तिथे दहा लाखांहून अधिक लॅपटॉप वाटले गेले, पण ते अध्यापनात गुंफले गेले नाहीत आणि शिकण्यात सुधारणा दिसली नाही. आपल्याकडेही कापडी झाकण घातलेले पॅनल आणि दिवा गेलेला प्रोजेक्टर शोधायला फार लांब जावे लागत नाही.

फिल्मपट्टीच्या काळात काय होते?

जुन्या डी.एड.-बी.एड.च्या पुस्तकांत ‘दृक्-श्राव्य साधने’ या प्रकरणात फिल्मपट्टी, स्लाइड, एपिडायस्कोप अशी यादी पाठ करावी लागे. फिल्मपट्टी म्हणजे ३५ मिलिमीटर फिल्मची छोटी गुंडाळी. तिच्यात साधारण ३० ते ५० स्थिर चित्रे एकापाठोपाठ एक असत. प्रोजेक्टरची खुंटी हाताने फिरवली की पुढचे चित्र येई. काही पट्ट्यांबरोबर ध्वनिमुद्रिका मिळे आणि ‘टिंग’ असा आवाज झाला की चित्र पुढे सरकवायचे असे.

या साध्या यंत्राचा एक गुण आजच्या महागड्या यंत्रांना सहज जमत नाही. चित्र शिक्षक पुढे नेईपर्यंत थांबून राही. बाई विचारत, ‘या शेतात काय काय दिसतंय?’ मुले बोलत, चुकत, पुन्हा पाहत. वेग शिक्षकाच्या बोटात होता.

त्याच काळात चलच्चित्राबद्दलच्या अपेक्षा आभाळाला भिडल्या होत्या. पुस्तके लवकरच शाळांतून हद्दपार होतील आणि त्यांची जागा चित्रपट घेईल, असे भाकीत थॉमस एडिसनने १९१३ मध्ये केले होते. ते खरे ठरले नाही. अमेरिकी अभ्यासक लॅरी क्यूबन यांनी १९८६ च्या ‘टीचर्स अँड मशिन्स’ या पुस्तकात चित्रपट, रेडिओ आणि दूरचित्रवाणीची शाळांतली वाटचाल मांडली. प्रत्येक वेळी सुरुवातीला मोठा गाजावाजा आणि नंतर वर्गात तुरळक वापर, असे चित्र त्यांना दिसले. यंत्रे वरून लादली गेली आणि शिक्षकाचा दिवस कसा जातो हे विचारातच घेतले गेले नाही, हे त्यामागचे एक मोठे कारण होते.

भारतातही मोठे प्रयोग झाले. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात ‘साइट’ प्रकल्पातून नासाच्या एटीएस-६ उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांत दूरचित्रवाणी पोहोचली. सकाळचे कार्यक्रम शाळकरी मुलांसाठी असत. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर १९८७ मध्ये ‘ऑपरेशन ब्लॅकबोर्ड’ आले आणि प्राथमिक शाळांना फळा, नकाशे, तक्ते, खेळणी, छोटे ग्रंथालय देण्याचे ठरले. पुण्यात १९८४ मध्ये बालचित्रवाणी सुरू झाली. मराठीतून, इथल्या मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रम करणारी ही संस्था २०१७ मध्ये बंद झाली. नेमक्या त्याच वर्षी ‘दीक्षा’ हे राष्ट्रीय डिजिटल व्यासपीठ सुरू झाले. मराठीतल्या चांगल्या आशयाची गरज वाढत असतानाच तो तयार करणारे एक जुने घर मिटले, याची चर्चा व्हायला हवी तेवढी झाली नाही.

‘पाहिलेले ३० टक्के लक्षात राहते’ हे खरे का?

प्रशिक्षणात हमखास दाखवली जाणारी एक स्लाइड असते. वाचलेले १० टक्के लक्षात राहते, ऐकलेले २० टक्के, पाहिलेले ३० टक्के, पाहिलेले-ऐकलेले ५० टक्के आणि केलेले ९० टक्के. खाली एडगर डेल यांचे नाव आणि त्यांचा ‘अनुभवांचा शंकू’. विक्रेत्यांच्या माहितीपत्रकांतही हेच आकडे दिसतात.

डेल यांनी १९४६ मध्ये शंकू मांडला, हे खरे आहे. त्यात प्रत्यक्ष अनुभव तळाशी आणि शब्द टोकाशी होते. मात्र त्यात एकही टक्केवारी नव्हती. ती पुढे कोणीतरी चिकटवली. इतके गोल आकडे कोणत्याही प्रयोगातून एका ओळीत येत नाहीत, एवढे तरी गणिताच्या शिक्षकाला खटकायला हवे! शंकूतल्या वरच्या पायऱ्या कनिष्ठ आणि खालच्या श्रेष्ठ असे समजू नये, हेही डेल यांनी स्पष्ट केले होते. आकड्यांचा तोटा असा की, ‘दाखवले म्हणजे शिकले’ असा समज पक्का होतो आणि काय दाखवले हा प्रश्न मागे पडतो.

मग व्हिडिओ चांगला की स्थिर चित्र?

उत्तर धड्यावर अवलंबून आहे. जिथे बदल हाच विषय आहे आणि तो डोळ्यांना एरवी दिसत नाही, तिथे चलच्चित्राला तोड नाही. याचे उत्तम उदाहरण मराठी माणसाचेच आहे. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी वाटाण्याच्या रोपाची वाढ कॅमेऱ्याने टिपली. कुंडीतल्या रोपाची रोज थोडी थोडी चौकट घेत त्यांनी अनेक दिवसांची वाढ मिनिटभरात दाखवली आणि तिच्या जोरावर भांडवल उभे केले. बीजांकुरण, ढगांची हालचाल, हृदयाचे ठोके, ज्वालामुखी यांना तक्ता अपुराच पडतो. शिवण, विणकाम, प्रयोगाची मांडणी अशा हाताच्या कामांतही हालचाल दाखवण्याचा फायदा होतो, असे संशोधनाचे एकत्रित निष्कर्ष सांगतात.

पण वीज कशी चमकते, गाडीचा ब्रेक कसा लागतो, शौचालयाची फ्लश टाकी कशी चालते अशा विषयांवर रिचर्ड मेयर आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये केलेले प्रयोग वेगळेच सांगतात. एका गटाला निवेदनासह ॲनिमेशन दाखवले, दुसऱ्याला कागदावर स्थिर चित्रे आणि मजकूर दिला. स्थिर चित्रांचा गट मागे पडला नाही. काही चाचण्यांत तो पुढेच होता. ॲनिमेशन डोळ्यांसमोरून निघून जाते. आधीचे लक्षात ठेवत पुढचे पाहण्यात मुलाची शक्ती खर्च होते. स्थिर चित्रांत मात्र पहिल्या आणि दुसऱ्या चित्रामध्ये काय घडले असेल, याचा विचार मुलालाच करावा लागतो.

मेयर यांच्या कामातून पुढे आलेल्या आणखी काही गोष्टी शिक्षकाला रोज वापरता येतील. विषयाशी संबंध नसलेले संगीत, उड्या मारणारी कार्टून, चमकणाऱ्या चौकटी यांनी शिकणे कमी होते. नावे चित्राच्या त्या त्या भागाशेजारीच हवीत. ‘अ, ब, क’ लिहून यादी खाली दिली की डोळे ये-जा करत बसतात. निवेदनातला प्रत्येक शब्द पडद्यावरही आला तर तो मदतीपेक्षा अडथळा ठरू शकतो. अर्थात घरी वेगळी बोली बोलणाऱ्या किंवा ऐकायला कमी येणाऱ्या मुलासाठी लिहिलेले शब्द उपयोगी पडतात, तेव्हा हा नियम डोळे मिटून लावू नये.

व्हिडिओ वापरायचाच तर सोपा उपाय थांबवण्याचा आहे. सात मिनिटांच्या चित्रफितीतले दीड मिनिट निवडावे, आधी प्रश्न द्यावा, मध्ये थांबवावे, एकदा आवाज बंद करून मुलांनाच निवेदन करायला सांगावे. ३५ मिनिटांच्या तासिकेत यापेक्षा जास्त व्हिडिओ मावतही नाही.

चित्र चुकीचे शिकवू शकते का?

हो, आणि ते पुसणे फार अवघड असते. सूर्यमालेचा तक्ता घ्या. जवळपास प्रत्येक शाळेच्या भिंतीवर तो आहे. त्यात सूर्य एका कोपऱ्यात आणि ग्रह ओळीने शेजारी शेजारी असतात. प्रत्यक्षात सूर्याचा व्यास पृथ्वीच्या सुमारे १०९ पट आहे. सूर्य एक मीटर व्यासाचा चेंडू मानला तर पृथ्वी साधारण नऊ मिलिमीटरची, म्हणजे एका मोठ्या वाटाण्याएवढी होते. तो वाटाणा चेंडूपासून सुमारे १०७ मीटर अंतरावर ठेवावा लागतो, म्हणजे मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला. नेपच्यून तर सव्वातीन किलोमीटरवर, कदाचित शेजारच्या गावात! कोणत्याही तक्त्यात हे मावणार नाही. म्हणून तक्ता टाकून देण्याची गरज नाही; ग्रहांचा क्रम शिकवायला तो पुरेसा आहे. अंतर शिकवायचे तर मैदानच हवे.

त्याच तक्त्याशेजारी ऋतूंची आकृती असते. तिरकस कोनातून काढल्यामुळे पृथ्वीची कक्षा लांबट अंड्यासारखी दिसते. मूल त्यावरून सरळ निष्कर्ष काढते, की जवळ आलो की उन्हाळा, लांब गेलो की हिवाळा. प्रत्यक्षात कक्षा जवळजवळ वर्तुळाकार आहे. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ, सुमारे १४ कोटी ७० लाख किलोमीटरवर, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात येते. तेव्हा आपल्याकडे शेकोट्या पेटलेल्या असतात. सर्वांत लांब, सुमारे १५ कोटी २० लाख किलोमीटरवर, ती जुलैच्या सुरुवातीला असते. ऋतूंचे कारण अक्षाचा कल आहे. ही चूक किती चिवट असते, हे १९८७ च्या ‘अ प्रायव्हेट युनिव्हर्स’ या माहितीपटात दिसते. हार्वर्ड विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात २३ जणांना ऋतू का होतात किंवा चंद्राच्या कला का दिसतात, असे विचारले, तेव्हा २१ जणांची उत्तरे चुकली. उतरत्या उन्हात पृथ्वीगोल तिरका धरून फिरवला तर जे पाच मिनिटांत कळते, ते आकृतीतून वर्षानुवर्षे उलटे पोहोचत राहते.

शरीराच्या तक्त्यात अशुद्ध रक्त निळे रंगवतात. ती खूण आहे, हे सांगितले नाही तर मुलांना रक्त खरोखरच निळे वाटते. ते असते गडद लाल. जगाच्या मर्केटर नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेएवढे भासते, पण आफ्रिका त्याच्या सुमारे १४ पट आहे. अशा वेळी नकाशाच्या शेजारी पृथ्वीगोल ठेवणे हाच उपाय.

काही चुका केवळ जुनेपणाच्या असतात. प्लुटोला नववा ग्रह म्हणणारे तक्ते २००६ नंतरही भिंतीवर आहेत. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर झाल्यापासून राज्यात ३६ जिल्हे आहेत. त्यानंतर छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर ही नावे बदलली. जम्मू-काश्मीर आणि लडाख ३१ ऑक्टोबर २०१९ पासून स्वतंत्र केंद्रशासित प्रदेश आहेत. नकाशाबाबत तर कायद्याचाही प्रश्न येतो. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी न जुळणारा देशाचा नकाशा प्रसिद्ध करणे हा सहा महिन्यांपर्यंत कैदेस पात्र गुन्हा आहे. इंटरनेटवरून पहिला दिसेल तो नकाशा उचलून शाळेच्या स्मरणिकेत छापणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेले बरे.

भिंती किती सजवाव्यात?

‘बोलक्या भिंती’ ही आपल्याकडची लाडकी कल्पना. हेतू चांगला आहे, पण सगळ्याच भिंती एकाच वेळी बोलू लागल्या तर मूल कोणाचे ऐकणार? कार्नेगी मेलन विद्यापीठातील ॲना फिशर आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये बालवर्गातल्या २४ मुलांवर एक प्रयोग केला. तोच वर्ग कधी तक्त्या-चित्रांनी भरलेला, कधी जवळपास मोकळा. सजवलेल्या खोलीत मुलांचे लक्ष जास्त विचलित झाले आणि धड्यावरच्या चाचणीत अचूक उत्तरांचे प्रमाण ४२ टक्के राहिले. मोकळ्या खोलीत ते ५५ टक्के होते. प्रयोग छोटा होता, त्यावरून भिंती पांढऱ्या करण्याचे फर्मान काढू नये. पण फळ्याच्या बाजूची भिंत मोकळी ठेवणे आणि तक्ते महिन्याला बदलणे कोणत्याही शाळेला जमण्यासारखे आहे. वर्षभर न हललेला तक्ता मुलांना दिसेनासाच होतो.

शेवटच्या बाकावरून काय दिसते?

खरेदी करताना कार्यालयात उभे राहून पॅनल पाहिले जाते, मुले मात्र वर्गात बसून पाहतात. ७५ इंची पॅनलची उंची साधारण ९३ सेंटिमीटर असते. दृक्-श्राव्य क्षेत्रातल्या ढोबळ नियमानुसार सर्वसाधारण मजकुरासाठी शेवटचा प्रेक्षक पडद्याच्या उंचीच्या सहापटीच्या आत, म्हणजे साडेपाच मीटरच्या आसपास असावा. नकाशातली बारीक नावे वाचायची तर चौपटीच्या आत, म्हणजे पावणेचार मीटरच. ६५ इंची पडद्याला हीच अंतरे सुमारे ४.९ आणि ३.२ मीटर होतात. वीस फुटांच्या खोलीत त्यावर नदीचे नाव वाचणे मागच्या दोन ओळींना अवघड जाते. याउलट प्रोजेक्टरचा पडदा मोठा करता येतो, पण कौलारू शाळेत दुपारच्या उजेडात चित्र फिकट पडते आणि अंधार करायला खिडक्या लावल्या की एप्रिलमध्ये मुले घामाने भिजतात. लाल-हिरव्याचा फरक न कळणारे मूलही वर्गात असू शकते, विशेषतः मुलग्यांत. त्याच्यासाठी रंगाबरोबर रेघा, ठिपके किंवा नाव हवे.

पैसा किती आणि कशासाठी?

समग्र शिक्षा अभियानातील संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरते. ३० पर्यंत पटाच्या शाळेला वर्षाला १० हजार, १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार रुपये. यातूनच वीजबिल, दुरुस्ती, स्वच्छता, खडू-फळा भागवायचे असते. लहान वस्तीशाळेत पॅनल भेट म्हणून आले तरी त्याचे वीजबिल आणि दुरुस्ती याच १० हजारांत येऊन बसते. एक बिघाड आणि वर्षाचे अनुदान संपले, अशी स्थिती होऊ शकते. सर्व शिक्षा अभियानाच्या काळात शैक्षणिक साहित्यासाठी प्रत्येक शिक्षकाला वर्षाला ५०० रुपये मिळत. रक्कम किरकोळ होती; पण काय आणायचे हे शिक्षक ठरवत असे.

कमी खर्चाची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालवाडी उभी केली, ती पाने, बिया, शंख-शिंपले, खडे यांच्या आधाराने. पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून विज्ञान-खेळणी बनवायला शिकवले. तंत्रज्ञानाच्या बाजूनेही स्वस्त वाट निघाली. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले आणि २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळवला. तिथे नवे यंत्र घेण्याऐवजी हातातल्या पुस्तकालाच चित्र आणि आवाजाची जोड मिळाली.

निवड करायची कशी?

सुरुवात धड्यात मूल कुठे अडते, इथून करावी. तिसरी-चौथीच्या अपूर्णांकांचे उदाहरण पाहू. बाजारातल्या तक्त्यात नेहमी वर्तुळाचे तुकडे असतात. त्यामुळे अर्धे म्हणजे अर्धी भाकरी एवढेच मुलाच्या डोक्यात बसते. १२ लिमलेटच्या गोळ्यांतला तिसरा भाग किंवा दोरीची पाऊण लांबी विचारली की ते गोंधळते. इथे ॲनिमेशन आणून फरक पडत नाही. कागदाची घडी, दोरी, चिंचोके आणि शेवटी संख्यारेषा अशी साधने एकामागून एक हवीत. चित्रांत विविधता हवी, आणि दोन चित्रांत सारखे काय, हा प्रश्न बाईंनी विचारायला हवा. भरती-ओहोटीच्या धड्याला अलिबागच्या शाळेने किनाऱ्यावर जावे. जालन्याच्या शाळेला मात्र व्हिडिओच लागेल. खरी वस्तू जवळ असताना तिचे चित्र दाखवण्यात अर्थ नाही आणि ती मिळण्यासारखीच नसेल, तर चित्राला कमी लेखण्यातही नाही.

साधन वापरण्याआधी शिक्षकाने ते एकदा पूर्ण पाहिलेले असावे, ही अट फारच साधी वाटते. पण तयार आशयातली मराठी कधी कधी भाषांतराच्या यंत्रातून आल्यासारखी असते, शेत गव्हाचे आणि घर उतरत्या बर्फाळ छपराचे असते, तेव्हा तिचे मोल कळते. वापरून झाल्यावर मुलांना तेच चित्र न बघता काढायला सांगितले, तर काय पोहोचले आणि काय वाकडे पोहोचले ते लगेच दिसते. ऋतूंची कक्षा अंड्यासारखी काढली गेली, तर पुढच्या तासाला काय करायचे तेही कळते.

यंत्रच घ्यायचे ठरले असेल तर शाळा व्यवस्थापन समितीने ते आठवडाभर चाचणीसाठी मागावे. आपल्याच वर्गात, दुपारी बाराच्या उजेडात, भारनियमनाच्या दिवशीही, आपल्याच शिक्षकांनी निवडलेल्या तीन धड्यांसाठी ते चालवून पाहावे. समितीच्या सदस्यांनी त्या वेळी शेवटच्या बाकावर बसावे. इंटरनेट नसताना किती आशय चालतो, हमीचा काळ संपल्यावर दुरुस्ती कोण करणार, तंत्रज्ञ तालुक्याला आहे की पुण्या-मुंबईला, हे बिलावर सही करण्याआधी लेखी घ्यावे.